पंक्तिप्रपंच

कोथरूड, पुणे
९ एप्रिल २००६

प्रिय प्रज्ञेश,

पाकिटावरचे अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडता बाजूला ठेवशील, हे गृहीत धरूनच लिहिते आहे. तुझा पत्ता मिळवायला तीन आठवडे लागले. हिंजवडीतल्या तुझ्या कंपनीत फोन घेणाऱ्या मुलीने मला चार वेळा थांबायला सांगितले आणि चारही वेळा फोन बंद झाला. पूर्वी मी तिला शिष्टाचार शिकवला असता. आता तेवढा उत्साह नाही. निवृत्तीला दोन वर्षे झाली. दुखरे गुडघे आणि वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका, एवढाच व्याप उरला आहे.

आपल्या कृषी संस्थेच्या बागेतली अंजिराची झाडे काढून तिथे संगणक विभागाची इमारत बांधणार असे कळले, म्हणून गेल्या महिन्यात एकदा पाहून आले. तुझ्या प्रयोगाच्या चार ओळी अजून उभ्या होत्या. तोडलेले अंजीर तीन-चार दिवसांत सडते. तोडणीच्या आधी झाडावरच एखादी नैसर्गिक फवारणी केली तर ती सड थोपवता येईल का, हा तुझ्या प्रबंधाचा प्रश्न. तीन ओळींवर कोळंबीच्या टरफलांपासून केलेला द्राव, चौथीवर तुलनेसाठी नुसते पाणी. त्या वासाने मी नाकाला रुमाल लावून दुरूनच पाहत असे. तू पंप पाठीला लावून प्रत्येक फळाला वळसा घालीत असस, आणि द्राव गरजेपेक्षा जास्त कालवतोस म्हणून मी तुला दोनदा बोलले होते.

बागेत काम करणारी कांताबाई भेटली. केस पांढरे झाले आहेत, जीभ तशीच. माझी प्रकृती विचारण्याआधी तिने तुझी चौकशी केली. मग सात वर्षांपूर्वीची गोष्ट तिने कौतुकाने सांगितली. तू हातपाय धुऊन गेलास की पंपात उरलेला द्राव ओतून टाकायचे काम तिचे. तो न ओतता ती चौथ्या ओळीवर मारीत असे. "एका वळीला औषिद अन् एकीला निस्तं पाणी. पंगतीत असं वाढत्यात व्हय, बाई? म्या दिलं समद्यास्नी. गुणाचं पोर, त्याची फळं सडाया नकोत." पंक्तिप्रपंच तिला बघवला नाही. तुलनेची ओळ म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितले नव्हते. आणि सांगणे हे माझे काम होते.

तुझी वही मला पान न् पान आठवते. चौथ्या दिवशी चारही ओळींची सड जवळजवळ सारखी, शेकडा दहाच्या आसपास. नुसत्या पाण्याच्या ओळीत निम्मी फळे सडायला हवी होती. घरी बसून आकडे भरलेस, असे मी सर्वांसमोर म्हटले. "मॅडम, मोजूनच लिहिलंय. ट्रे आत आहेत, येऊन बघा ना," एवढेच तू म्हणालास. ट्रे वीस पावलांवर होते. "मला सडकी फळे दाखवण्यापेक्षा आधी मोजायला शिका," असे उत्तर देऊन मी वहीवर 'अविश्वसनीय' असा शेरा मारला आणि मार्गदर्शक म्हणून प्रबंधावर सही नाकारली. महिन्याभरात तू गेलास. संगणकाच्या क्लासला नाव घातलेस, असे उडत उडत कानावर आले. मी म्हटले, बरे झाले.

ज्याला लबाडी करायची आहे, तो पाण्याच्या ओळीत सड वाढवून दाखवील. प्रबंध त्यावरच उभा राहतो. स्वतःचा प्रबंध बुडवणारे आकडे तू जसे दिसले तसे लिहिलेस. एवढे साधे अनुमान पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही करता आले असते. आकडे बरोबर होते, प्रज्ञेश. चारही ओळींना द्राव मिळाला होता, आणि चारही टिकल्या.

सोबत तुझ्या प्रबंधाचे प्रमाणपत्राचे पान आहे. त्यावर मी सही केली आहे. तारीख आजची घातली आहे, मागची घातली असती तर ते खोटे झाले असते. शेरा मागे घेतल्याचे पत्र संस्थेला वेगळे दिले आहे, त्याची प्रत जोडली आहे. संस्था ते मानील की नाही, आणि तुला आता त्या पदवीचा काही उपयोग आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण लिहायचे होते ते याहून वेगळे. त्याच आठवड्यात माझ्याच हाताखाली प्रबंध करणाऱ्या चैतालीचे पेरूचे आकडेही असेच अशक्य आले होते. तिला मी समोर बसवले, चहा दिला आणि पुन्हा मोजून आण म्हणाले. तिचे आडनाव आमच्यातले होते. तू राखीव जागेवरून आलेला. तो शब्द मी तुझ्यासमोर कधी उच्चारला नाही, याचाच मला इतकी वर्षे अभिमान वाटत आला. तुला पुन्हा मोजायला का सांगितले नाही, हे मी आज स्वतःच्या अक्षरात लिहिते आहे. तुला ते त्याच दिवशी कळले होते, म्हणूनच तू दुसऱ्यांदा 'येऊन बघा' म्हणाला नाहीस.

तुझीच,
कौशल्या