म्हशीवर घेतलेली उचल

चौसाळा, ७ ऑगस्ट २००३

पाऊस नाही. सकाळी जनावरांच्या चारा छावणीत उसाचे वाढे आले. कौशल्या परभणीच्या एसटीत बसली.

श्री. राधाकिशनराव यांना त्रिंबकचा नमस्कार. वहिनींच्या गुडघ्याला आता आराम असेल. तुमच्याकडे दिंद्रुडला टँकर नेमाने येतो असे ऐकले, बरे वाटले.

तुमची भाची जनावरांची डॉक्टर होणार हे नक्की झाले. वैशाखात तिची आई, गीता गेली, तेव्हापासून भेटायला आलेला प्रत्येक जण आधी डोळे पुसायचा आणि मग कॉलेज सुचवायचा. मी बोलत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटले मला पटले. (गावाच्या हिशेबाने कौशल्याचा प्रवेश तीन ठिकाणी झालेला आहे.) तुमच्या साडूंच्या ओळखीची संस्थाही आम्ही पाहून आलो. अध्यक्षांनी देणगीचा आकडा सांगितला आणि जनावरांचा विभाग म्हणून मागे बांधलेली एक शेळी दाखवली. कौशल्याने शिपायाला विचारले, "मामा, ही कॉलेजची का?" तो म्हणाला, "न्हाई ताई, माझी हाय. पाव्हणे येणार आसले की आणतो." शेळीची तब्येत उत्तम होती. आम्ही चहा पिऊन परत आलो.

पुढे परभणीच्या सरकारी कॉलेजात मार्कांवर जागा मिळाली. फी आणि वसतिगृहासाठी लोक म्हणाले, म्हैस विका. दुष्काळात म्हशीला कोण विचारतो? आपल्याकडे ऊसतोडीचा मुकादम कोयत्यावर आगाऊ पैसे, उचल देतो. मी दूध संस्थेच्या सचिवांना, पंडितांना, म्हणालो, तुम्ही म्हशीवर द्या, दूध घालून फेडतो. (एवढे मी एका दमात आजवर बोललो नव्हतो.) एक गोष्ट मात्र सांगितली नाही. गीता गेल्यापासून म्हैस कोणालाच धार देत नव्हती. मी खाली बसलो की लाथ. शेवटी कौशल्याने आईचे न धुतलेले लुगडे माझ्या अंगाभोवती गुंडाळले, पदर डोक्यावरून घेतला. म्हशीने हुंगले आणि पान्हा सोडला. नेमके तेव्हाच पंडित म्हैस पाहायला छावणीत आले.

"राम राम बाई. त्रिंबकराव कुठं गेलेत?"

मी धार काढत राहिलो. कौशल्या म्हणाली, "काका, हळू बोला. पान्हा चोरंल ती."

पंडितांनी वाकून पाहिले. त्यांना माझ्या मिशा दिसल्या. "अरं तिच्या! तुमी हाय का?" मग त्यांनी बादली पाहिली आणि उचल मंजूर केली. छावणीत आता मला त्रिंबकबाई म्हणतात. म्हणोत. फी भरली आहे, म्हैस दूध देते आहे, पाच वर्षे अशीच निघतील. काळजी नसावी.

आपला,
त्रिंबक

ता. क. निघण्यापूर्वी कौशल्याने घाईत सगळे घर आवरले, दिसेल तो कपडा धुतला. मी स्टँडवरून परत आलो, तर ते लुगडे साबणाने धुऊन दोरीवर वाळत होते. सकाळची धार झाली होती म्हणून निभावले. तिला कळवू नका, मिळेल त्या गाडीने परत येईल.

आणखी एक. तेराव्याला वहिनींना दिलेले गीताचे हिरवे लुगडे त्यांनी अजून नेसले नसेल, तर कोणाच्या तरी हाती लगेच पाठवा. धुवायची तसदी घेऊ नका. धारेची वेळ झाली. बादली घेऊन निघतो.