सासऱ्यांच्या बंदुकीचा चाप

१९ ऑक्टोबर

शिकारीवरून परत रिकामा आला! तिसरी खेप ही. घोड्यावरून उतरला, लगाम माझ्या हातात दिला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. मी म्हटलं, जेवायचं? तर म्हणे, "बंदूक ओलांडलीस तू."

मी? कधी?

"दूध उतू गेलं तेव्हा. खाली नमद्याच्या जाजमावर ठेवली होती. धावलीस वरून."

दूध उतू गेलं होतं हे खरं. धावले हेही खरं. पण वरून धावले की बाजूनं, ते कुणाला आठवतंय! दूध उतू जाताना माणूस पायाखाली बघतं का? बाईनं बंदूक ओलांडली की ती बाटते, तिचा नेम जातो — असं आमच्यात सगळेच म्हणतात. माझी आईही म्हणायची. मग एवढी बाटणारी वस्तू चुलीपाशी पसरून ठेवायची कशाला?

नर्सबाईनं ही वही रक्तदाब लिहायला दिलीय. दाब पुढून लिहिते, हे मागून. आज १६०. लिहिला पुढे.

२० ऑक्टोबर

सकाळी आर्चाच्या फांद्या पेटवल्या आणि बंदूक धुरातून तीनदा फिरवली. डोंगरातली आर्चा जाळली की बाट जाते म्हणतात. सासऱ्यांचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटला. (मी त्यांचं नाव घेत नाही. वहीतही नाही लिहिणार.) बंदूक त्यांचीच. जाताना धाकट्याला खोगीर दिलं आणि आमच्या ह्याला, शेरगाझीला, बंदूक. धूर घरभर. बाट गेली की नाही ते माहीत नाही, मला खोकला मात्र लागला.

मग मागच्या उतारावर दगड मांडून दोन गोळ्या झाडल्या. दगड जागच्या जागी.

मी काही बोलले नाही. मी! काही बोलले नाही!

२२ ऑक्टोबर

टिलेक आला होता — धाकटा दीर. चहाला बसायच्या आधीच सुरू. "दादा, वरचे रानबोकड तुझ्यासाठी दुवा मागतात म्हणे. अल्ला, शेरगाझीला शंभर वर्षं ठेव, दुसऱ्या कुणाला बंदूक देऊ नकोस!"

मला हसू आलं. ह्याला नाही. वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "ह्या शिकारीच्या परवान्यावर बोकड आणला नाही तर बंदूक तुझी."

टिलेकनं त्याचा हात धरला. "दादा, मी गंमत केली."

"मी नाही केली."

शेजारची कालिपा पण बसलेली होती. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर.

आता परवाना संपायला महिनाही नाही. बंदूक गेली तर ह्या माणसाचं उरतं काय? मेंढरं राखतो, पण मन कधी मेंढरांत नव्हतं. वर डोंगरात जाऊन आला की आठ दिवस माणसासारखा बोलतो. नाहीतर नुसता खांब.

२३ ऑक्टोबर

तो बाहेर होता तेव्हा बंदूक काढली. (ओलांडली नाही. उचलली.) रिकामी आहे ना ते दोनदा बघितलं आणि चाप ओढला. बापरे! चिखलात बसलेलं गाढव ओढावं तसा! सगळ्या बोटाचा जोर लावला, तर नळीचं तोंडच डावीकडे गेलं, मग खटका पडला.

मागच्या हिवाळ्यात ह्याच्या उजव्या हाताची दोन बोटं बर्फानं खाल्ली. पहिल्या बोटाचं टोक गेलं, उरलं त्यात जीव नाही. त्या बोटानं हा चाप! नेम धरला तरी ओढता ओढता हलणारच. ओलांडणं नाही की बाटणं नाही, चाप जड आहे! मला डोक्यावरच्या रुमालाच्या गाठीइतकं साधं दिसलं आणि ह्या बंदूकवाल्यांना एकाला दिसू नये?

जेवताना म्हटलं, "चाप जड आहे. हलका करून आण."

"बाबांनी चाळीस वर्षं ह्याच चापावर बोकड मारले."

"बाबांना दहा बोटं होती."

पाव तसाच ठेवून उठला. असं बोलायला नको होतं. पण खोटं काय बोलले?

२६ ऑक्टोबर

चार दिवस खालच्या गोठ्यावर मेंढरांना गेला. बंदूक घरी. तिच्यावर रुसलाय.

गोधडीत गुंडाळून घोडीवर बांधली आणि उस्ता मोम्बेककडे गेले, पलीकडच्या गावात. खोगीर, नाल, कुलपं, बंदुका — सगळं करतो. रस्त्यात कुणी विचारलं तर सांगायचं, शिवणयंत्र आहे. कुणीच विचारलं नाही.

उस्तानं चाप ओढून बघितला, मिशीत हसला. "वहिनी, हा म्हाताऱ्याच्या स्वभावासारखाच ठेवलाय. किती हलका करू?"

"माझ्या करंगळीनं सुटेल एवढा."

"बंदूक आहे ही, दाराची कडी नाही. फार हलका करणार नाही. धक्क्यानं सुटता कामा नये." मग माझ्याकडे बघत राहिला. "शेरगाझी का नाही आला?"

मी म्हटलं, कामात आहे. पहिलं खोटं.

२८ ऑक्टोबर

आणली. उस्तानं माझ्यादेखत दस्ता जमिनीवर आपटला, चारदा. खटका पडला नाही. मग मला ओढायला दिला. लोण्यातून सुरी जावी तसा! नळी हलली नाही.

उस्ता म्हणाला, "घरी गेल्यावर आधी त्याला सांग. त्याच्या हाताला जुन्या जोराची सवय आहे. बोट टेकवून नेम शोधत बसायचा तो. आता बोट टेकवलं की गेली. सांगशील ना?"

सांगेन म्हटलं. दुसरं.

३० ऑक्टोबर

तो आला. नाही सांगितलं. आल्या आल्या मेंढीच्या पायाबद्दल बोलत होता. मग झोपला.

३१ ऑक्टोबर

आज सांगणार होते. काय सांगणार? तुझ्या बापाच्या बंदुकीला, तुला न विचारता, मी हात लावला, परक्या माणसाकडून कानस मारून घेतली? ह्या घरात तेवीस वर्षांत मला जे वाटलं ते मी तोंडावर बोलले. सासऱ्यांनासुद्धा. आणि आता जीभ टाळूला चिकटलीय. माझं मलाच कळत नाही. भीती वाटते म्हणावं तर त्याची भीती कधी वाटली नाही. मग काय?

दाब १७०.

२ नोव्हेंबर

पहाटे टिलेकबरोबर वर गेला. मी फाटकापर्यंत धावले. "अरे ऐक —"

वळला. "काय?"

मी म्हटलं, "पाव घेतलास का?"

पाव मीच बांधून दिला होता!

३ नोव्हेंबर

बोकड!! हा एवढा, शिंगं माझ्या हातभर!

शिकारी परत येताना वाटेत भेटेल त्यानं "शिराल्गा!" म्हणायचं, की त्याला वाटा द्यावाच लागतो, नाही म्हणता येत नाही. आज निम्मं गाव हवा खायला रस्त्यावर आलेलं. कालिपा पुढेच. ह्यानं अख्खी मागची तंगडी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "घे झेयनेप, सासूला पण दे." झेयनेप तर मागे उभी, आणि कालिपाची सासू मरून नऊ वर्षं झाली! सगळे पोट धरून हसले. आनंदात माणसाचं असंच होतं. घरी पोचेपर्यंत आमच्या वाट्याला मान आणि काळीज. त्याचंच कुर्दाक केलं, चरबी टाकून.

टिलेक म्हणाला, "वहिनी, खडकाला वळसा घातला तर समोरच उभा! थुंकलो असतो तर अंगावर उडालं असतं."

"थुंकून बोकड मरत नाही," हा म्हणाला. "बघितलंस, अनारकान? धूर लागला! बाट गेली!"

मी त्याच्या वाटीत चहा ओतला. धूर! उस्ताची कानस लागली म्हणावं की गप्प बसावं? गप्प बसले.

६ नोव्हेंबर

गातोय. घोडी धुताना गातोय.

न बोलणं हे खोटं बोलणं असतं का? मुल्लाला विचारावं तर मुल्ला टिलेकचा सासरा. आणि त्याला सगळं छान वाटतंय तर मी मधे पडून माझी कानस कशाला पुढे करू? पण उस्ता म्हणाला होता आधी सांग. पण आता "आधी" तर होऊन गेलं. आणि काही झालं तर नाही ना. मग सांगायचं काय राहिलं? विचार करते तर डोक्यात लोकर पिंजल्यासारखी होते.

११ नोव्हेंबर

लांडग्यानं गोठ्यावरची दोन मेंढरं फाडली. हा आणि टिलेक परवा जाणार. लांडग्याला परवाना लागत नाही.

१३ नोव्हेंबर

टिलेकला गोळी लागली.

१५ नोव्हेंबर

जिवंत आहे. दंडातून आरपार, हाड फुटलंय. चार बोटं आत असती तर छातीत. खोऱ्याच्या वरच्या अंगानं तो लांडगा हाकलत येत होता, वाकून, त्याच्या करड्या मेंढीच्या कोटात. हा खाली दगडामागे बंदूक टेकवून.

ह्यानं स्वतः त्याला घोड्यावर आडवा घालून आणला. घरी येऊन एवढंच म्हणाला, "चाप आपोआप सुटला."

आपोआप सुटला!

डॉक्टरला टिलेकनं सांगितलं, माझीच बंदूक साफ करताना उडाली. भावाचं नाव घेतलं नाही. मी त्याच्या खाटेपाशी रडत होते, मी कधी रडत नाही, तर म्हणतो, "वहिनी, पुरे. सहा आठवडे कुणी मला सरपण फोडायला सांगणार नाही. दादाचे उपकारच!"

त्याच्यापुढे मला तोंड वर करवेना. मी केलं हे. मी.

१८ नोव्हेंबर

जेवत नाही. कोपऱ्यात बसून आपल्या बोटाकडे बघत असतो. दाब मोजला नाही.

१९ नोव्हेंबर

आज म्हणाला, बंदूक नदीत टाकतो. मग म्हणाला, नाही, बाबांची आहे. मग म्हणाला, "बाट गेलीच नव्हती."

म्हणजे पुन्हा माझंच ओलांडणं! आणि मी ओरडले नाही. कारण ओलांडण्यापेक्षा वाईट केलंय ना मी.

२१ नोव्हेंबर

बंदूक घेऊन उस्ताकडे गेले. ह्या वेळी उघडी, गोधडी न घालता. म्हटलं, तुझ्या कामानं माणूस मेला असता. चाप आपोआप सुटला.

उस्ताचा चेहरा पडला. बंदूक घेतली आणि आपटली. जमिनीवर, ओट्यावर, उंबऱ्यावर. दहादा, वीसदा. नळी हातोडीनं ठोकली. खटका पडला नाही. शेवटी माझ्या हातात दिली. "आता तू आपट."

मी राग काढला सगळा. नाही पडला.

"वहिनी, ही आपोआप सुटत नाही. बोट लागल्याशिवाय नाही." बंदूक परत घेत, "त्याला सांगितलं होतंस ना?"

मी घोडीचा लगाम सोडवायला लागले.

"मग बोट टेकवलं असेल, जुन्या सवयीनं."

पण टेकवलं तरी नळीचं तोंड टिलेककडे का? लांडगा तर खाली ओढ्यात होता, टिलेक स्वतः म्हणाला. दगडावर टेकवलेली बंदूक ओढ्याकडे असायची. वर कशाला वळवली? परतताना वाटभर हेच. घोडीनं दोनदा थांबून माझ्याकडे मागे वळून बघितलं. मला काही म्हणजे काही कळेनासं झालंय.

२३ नोव्हेंबर

उद्या सांगते. काय व्हायचं ते होवो. त्याला वाटतंय आपला हातच आपला राहिला नाही. मी गप्प बसले तर तो झुरून मरेल, आणि बोलले तर मला घराबाहेर काढेल. काढू दे. बहीण आहे खालच्या गावात. तिच्याशी पटत नाही, पण आहे.

२४ नोव्हेंबर

सांगितलं. गोधडी, घोडी, उस्ता, सगळं.

ओरडला नाही. म्हणाला, "चाप हलका झालाय हे मला पहिल्या गोळीलाच कळलं. बाबांचा चाप मला कळणार नाही? तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

मग त्या दिवशी?

"सुटला नाही. मीच ओढला, नीट नेम धरून. वर करडं काहीतरी वाकून चाललं होतं. मला लांडगा वाटला." दोन्ही डोळे चोळले. मग, "दोन वर्षं झाली, अनारकान. सगळं धुकं."

मी त्याच्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून. विचारलं, मी तरी दिसते का?

"दिसतेस की. तुझा डोक्यावरचा पांढरा रुमाल दिसतो."

रुमाल बाहेर दोरीवर होता.