रविंद्रला न सांगितलेलं वाक्य

मी, पंचफुला दौलतराव सुखदेवे, वय एकसष्ट, निवृत्त शिक्षिका, अविवाहित, राहणार इंदोरा, नागपूर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. अक्षर थरथरलेलं दिसेल. तो गोळ्यांचा परिणाम आहे. निर्धार जागेवर आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. इंदोऱ्यातलं दोन खोल्यांचं घर माझ्या कमाईचं आहे. ते धाकटा भाऊ रविंद्र आणि त्याची बायको मेघा यांना निम्मं-निम्मं. मेघा दोन वर्षं माझ्याशी धड बोलत नाही. तिचा राग रास्त आहे. कारण कलम ४ मध्ये.

२. पुस्तकं विहाराच्या वाचनालयाला. समासात मी लेखकांशी भांडले आहे. ती भांडणं पुसू नयेत.

३. माईक आणि भोंगा यमुताई बागडे यांना. याच भोंग्यावर आम्ही दोघींनी तीस वर्षं दारूबंदीच्या सभा घेतल्या, गुत्ते बंद पाडले. माझं यकृत निकामी झालं तेव्हा सावनेरचा एक पुढारी भर सभेत म्हणाला, "बाई बाहेर भाषण देते अन् घरात घेते." मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. माझा आजार ऑटोइम्यून: शरीराचं रक्षण करणारं सैन्यच यकृताला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडतं. हे मी गावोगावी सांगितलं. लोक माना डोलवायचे आणि बाहेर पडताना विचारायचे, "पन पहिले थोडीफार घेत असन ना?" त्या पुढाऱ्याला माझ्या शोकसभेत माईक देऊ नये. खुर्ची द्यावी. बसून ऐकावं.

४. सहा वर्षांपूर्वी रविंद्रने आपल्या यकृताचा तुकडा मला दिला. बुटीबोरीच्या कारखान्यात पाळ्या करणारा माणूस, माझ्यासाठी तीन महिने घरी बसला. ऑपरेशनआधी हैदराबादच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून इंग्रजीत सगळं समजावलं. आमच्या घरात चार लोकांत बोलायचं काम नेहमी माझं, म्हणून मीच त्याला मराठी करून सांगत गेले. डॉक्टर म्हणाले, "हा आजार नव्या यकृतातही परत येऊ शकतो." तेवढं वाक्य मी गाळलं. तो नाही म्हणेल अशी भीती वाटली. सत्य दडपणाऱ्यांवर जन्मभर तोफ डागणाऱ्या बाईने हे केलं.

दोन वर्षांपूर्वी आजार परतला. मी एकही गोळी चुकवली नव्हती. बायोप्सीचा अहवाल आला त्या दिवशी रविंद्र मला म्हणाला, "ताई, माह्या लिव्हरमंदीच काही खोट होती का वं?" मेघा बाजूलाच होती. ती म्हणाली, "पोट फाडून देल्लं, थे भी फुकट!" तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून तो माझ्यासमोर मान खाली घालून बसतो, जणू त्यानेच मला नासकं काही दिलं. आजाराची चीड येतेच, पण माझ्या या जिभेची जास्त येते. हजारोंसमोर चालली, भावासमोर अडली.

म्हणून लेखी देते: रविंद्रचा तुकडा निर्दोष होता. चार वर्षं त्याच्याच जोरावर मी सभा घेतल्या. त्या तुकड्यावर हल्ला माझ्याच शरीराने केला. शोकसभेत इतर कुणाच्याही भाषणाआधी हे कलम वाचावं.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारी धम्मानंद रामटेके यांनी करावी. मसुदा वाचून ते मला म्हणाले, "मेल्यावर काहून वाचाचं, ताई? तोवर तो मान खाली घालूनच फिरन ना?"

शोकसभेची सोय माझ्याच सोयीची होती, हे तेव्हा कळलं.

६. आज सकाळी रविंद्र आणि मेघाला बोलावून कलम ४ मी स्वतः वाचून दाखवलं. रविंद्र म्हणाला, "सांगतलं असतं त देल्लं असतं का नसतं, आता मले भी समजून नाही राह्यलं. तू मले ठरवूच देल्लं नाही, ताई."



मेघाने माझ्या सगळ्या अहवालांची पिवळी फाईल उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "आता मराठीत सांगा. पुरं सांगा. एक भी वाक्य सोडू नका."

पहिल्या पानापासून सांगितलं. रविंद्र समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होता. शेवटची ओळ झाल्यावर ही सही करते आहे.

पंचफुला दौलतराव सुखदेवे

वरील सही लिहून देणारीने आम्हा दोघांच्या समक्ष केली व आम्ही तिच्या समक्ष सह्या केल्या:
१. धम्मानंद रामटेके, इंदोरा
२. डॉ. काजल वासनिक, इंदोरा (लिहून देणारी शुद्धीत असल्याची मी तपासून खात्री केली आहे.)

नागपूर, दि. ९ नोव्हेंबर २०२५