मिरच्यांपुढे पठण

दूधविनायक, वाराणसी

प्रिय देवश्रीताई,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे बाबांचा खोकला गेला, भूक परतली, आणि तुमची विदुषी भावजय (म्हणजे मीच; हसू नका) विभागात तोंड लपवून फिरते आहे.

ब्रह्मा घाटावरची पाठशाळा सुटल्यापासून बाबा गप्प झाले होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. उभा जन्म मुलांना वेदांची संथा देणारा माणूस भिंतीकडे बघत बसलेला बघवेना, म्हणून मी त्यांना रोज युनिव्हर्सिटीतल्या माझ्या जाळीघरात नेऊ लागले. तिथे मिरचीच्या दोन ओळी होत्या. दोन्हींना मी पाने आकसवणारा विषाणू टोचला होता, आणि सोबत त्याचा उपग्रह. (आकाशातला नव्हे. डीएनएचा एवढासा तुकडा. विषाणूवाचून त्याला स्वतःच्या प्रतीही काढता येत नाहीत. पण त्याच्याबरोबर शिरला की झाडाचा बचावच मोडतो. नुसत्या विषाणूने जेमतेम सुरकुतणारे पान मग मुठीसारखे वळते, रोप खुरटते.) बाबांनी उजव्या ओळीशी खुर्ची टाकली आणि झाडांनाच संथा द्यायला सुरुवात केली.

महिनाभरात डावी ओळ आखडून गोळा झाली. उजवी हिरवीगार, एखाद्या पानाला जराशी मुरड. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग इतकी वर्षे शिकलेले सगळे बाजूला ठेवून विभागाच्या बैठकीत मीच सांगितले की यात काहीतरी आहे. बातमी गल्लीत पोचली. गीताकाकू आजारी तुळशीचा गमला घेऊन आल्या, मागोमाग अर्धा मोहल्ला. बाबा बोलू लागले, चिडूही लागले. घर घरासारखे वाटू लागले.

मग तपासणी केली. उजव्या ओळीत विषाणू होता, उपग्रहाचा मागमूस नव्हता. त्या ओळीसाठीची नळी फ्रिजमध्ये जशीच्या तशी. टोचायची मीच विसरले होते. (उपग्रह काय करतो ते मुद्दाम केलेल्या कुठल्याही प्रयोगात मला इतके स्वच्छ दाखवता आले नव्हते.)

बाबांना सांगायचा धीर होईना. शेवटी रिक्षात सांगून टाकले. गोदौलियाच्या चौकात त्यांनी विचारले,

"म्हणजे माझी ओळ मुळातच कमी आजारी होती?"

"हो, बाबा."

"आणि खरी आजारी होती तिच्याकडे मी पाठ करून बसलो." मग म्हणाले, "उद्या खुर्ची तिकडे ठेव."

तेव्हापासून ते तिकडे बसतात. झाडांत काडीचा फरक नाही, आणि हे मी या वेळी तपासून लिहिते आहे.

तुमची,
ऋता

ता. क. पत्राचे खरे कारण : तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलेला जाळीघराचा व्हिडिओ कृपया काढून टाका. त्यात हात जोडून 'विज्ञानाने इथे गप्प बसावे' म्हणणारी बाई मी आहे.

ता. क. २ : काढण्याआधी मला पाठवा. माझ्या बोलण्यामागे बाबांचा आवाज फार छान लागलाय.