एझ्रा पेल्टनचं भाषण

प्रिय जागृती,

अक्षर सांभाळून घे. फोन करायला धजावले नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या डब्लिनच्या लायब्ररीत एझ्रा पेल्टन नावाच्या जुन्या वकिलाची तसबीर लागणार आहे. त्याचं छोटं चरित्र लिहायचं काम मी हौसेने मागून घेतलं. चामडं कमावणाऱ्याचा मुलगा. शाळा जेमतेम चार वर्षं. कायदा शिकला तो एका म्हाताऱ्या जज्जाच्या कचेरीत झाडू मारता मारता. १८५७ साली शेजारच्या केंटकी राज्यातून पळून आलेला एमॉस नावाचा गुलाम लोहार पकडला गेला, तेव्हा एकही वकील पुढे येईना. पेल्टन दोन दिवस कोर्टात झगडला आणि त्याला सोडवून आणलं. लोकांनी याच्या घराच्या खिडक्या फोडल्या, तरी हटला नाही. वाचताना मी अक्षरशः रडले, यार.

काल मी राज्याच्या विधानसभेच्या कामकाजाचं बाड उघडलं. पेल्टन तोवर आमदार झालेला. काळ्या मुलांना गावच्या शाळेत घ्यावं, असं बिल आलं होतं. मला वाटलं, यानेच आणलं असणार. तो विरोधात बोलत होता! मी पान तीनदा वाचलं, नाव पुन्हा तपासलं. 'एमॉसला मी स्वातंत्र्य मिळवून दिलं, म्हणून काय त्याची मुलगी माझ्या मुलीच्या बाकावर बसणार?' वर गॅलरीत एमॉस नऊ वर्षांच्या लेकीला, लिडियाला, घेऊन बसला होता. त्या वेळच्या पेपरात छापलंय, तो उठला, मुलीच्या डोक्यावर टोपी चढवली आणि चालता झाला. बिल दोन मतांनी पडलं. मरणाच्या दारात पेल्टनने त्याला बोलावणं धाडलं. एमॉस गेला नाही.

काउंटरवरची बाई 'आर यू ओके?' विचारत होती. मी बाड तिच्या हातात दिलं आणि घाईने बाहेर पडले.

कारण ते वाक्य मी बोललेय, जागृती. तुझ्या ऑफिसात जातीवरून तुझं प्रमोशन अडवलं, तेव्हा तुझी केस मी लढले, जिंकले. पण गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीने, इलाने, तुझ्या प्रितमशी लग्न करायचंय म्हणून सांगितलं, तेव्हा मी म्हणाले, 'जागृतीसाठी भांडले, म्हणून काय तिचा भाऊ आपल्या घरात जावई करून आणायचा?' तुम्हाला वाटतं, इलाचं मन फिरलं. ते मी फिरवलं. इलाची माफी सकाळीच मागितली. तिने फोन ठेवून दिला. हे पत्र प्रितमला वाचायला दे. शनिवारी मी तुझ्या घरी, अर्विंगला येतेय. तू दार उघडलं नाहीस, तरी तुझा हक्कच आहे तो.

तुझी म्हणवून घ्यायला आज लाजणारी,
ऋता