तुझा हात लागला नव्हता तेव्हा

प्रिय सूनबाई,

तुझ्या ताईची पाठ कशी आहे? दिवसभर शिवणयंत्रावर वाकून बसते, मधूनमधून उठत जा म्हणावं तिला. भावजींचा खोकला गेला का, की अजून बाहेरून खोकूनच आल्याची वर्दी देतात? तुझ्या भाचीचे पुढचे दात आले की नाहीत? मागे आली होती तेव्हा हसताना तोंडावर हात धरायची आणि मी मुद्दाम तिला हसवायचो. आणि तू? तुझी चौकशी शेवटी ठेवली, कारण तिथे पेन अडतं. चार घास पोटात जातात का? डोळ्याला डोळा लागतो का?

इकडे तुझा लेक, आपला गुंड्या, आता बरा आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. तू फोन घेत नाहीस त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मला जे सांगायचं आहे ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. मी अक्षरं शिकलो ती दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता, त्यामुळे माझे चार शब्द लिहिले की ओळ संपते. पानं पुष्कळ दिसतील, घाबरू नकोस.

तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशी आपण कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, तो प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. छातीतला कफ बरा व्हावा म्हणून गुंड्याला औषध चालू होतं, त्यानं पोट बिघडलं, आणि मग डायपरखाली ती लाली. आधी नुसती गुलाबी, मग लाल, मग हात लावू देईना अशी. डॉक्टरांनी विचारलं, याचं डायपर कोण बदलतं? प्रश्न साधाच होता. पण माझ्या चिरंजीवांनी तुझ्याकडे पाहिलं, आणि त्याचं पाहून मीही पाहिलं. घरी येताना तो म्हणाला, दिवसभर तूच तर असतेस, तुला दिसलं कसं नाही? तू पिशवीतलं मलम या हातातून त्या हातात घेत राहिलीस. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, थोडे दिवस ताईकडे जाऊन येते. मला वाटलं, माणूस दमतं, जाऊ दे, चार दिवस झोप काढेल.

तू या घरात आलीस तेव्हाची गोष्ट आठवते? स्वयंपाकघराला मी पिवळा रंग निवडला होता आणि तू म्हणालीस, अण्णा, या रंगात मला रोज कावीळ झाल्यासारखं वाटेल. नव्या सुनेनं तोंडावर सांगावं याचं मला इतकं बरं वाटलं की त्याच दिवशी डबा बदलून आणला. अशी तू. गुंड्याच्या अंघोळीचं पाणी आधी कोपरानं बघायचीस, मग मनगटानं, आणि मग मला हाक मारायचीस, अण्णा, तुम्ही पण बघा. त्याला उशिरा कोरडं करणाऱ्यातली तू नव्हेस, हे मला त्या दवाखान्यातच कळायला हवं होतं, पण भीतीनं अक्कल गोठते माणसाची.

तर तू गेलीस. घरात आम्ही दोघे बाप्ये. तुझा नवरा बसवर ड्युटीला गेला की मी एकटा. आम्ही तू सांगितलंस तसंच केलं, उलट जास्तच केलं. दर वेळी सुगंधी वाइप्सनी खसाखसा पुसून आधीचं मलम पार काढायचं, कातडी स्वच्छ दिसली की नवं लावायचं, वर पावडर. भिंत घासल्याशिवाय नवा रंग देऊ नये, हे माझ्या हाडात बसलेलं. आणि सूनबाई, ती लाली कमी होईना. जांघेच्या घड्यांत शिरली. भोवती बारीक लाल ठिपके उठले, जणू मोठ्या डागातून शिंतोडे उडालेत. मधली कातडी ओली दिसायला लागली.

मग ती दुपार. डायपर सोडवायला गेलो तर ते चिकटलं होतं. हळूच ओढलं आणि कापसावर रक्त आलं. गुंड्या आधी किंचाळला, मग त्याचं किंचाळणं बसलं आणि नुसतं कण्हणं उरलं. रडणारं मूल मी पुष्कळ पाहिलंय, कण्हणारं नाही. अंग चटचट भाजत होतं. बाटली तोंडाशी धरली तर तोंड फिरवलं. मी त्याला दुपट्यात घेतला, पायांत एक चप्पल माझी आणि एक त्याच्या बापाची, आणि रस्त्यावर धावलो. टॅक्सीवाला भला निघाला. आजोबा, दार ओढून घ्या, बाकी माझ्यावर सोडा, म्हणाला. मी सबंध रस्ता गुंड्याच्या नाकापुढे बोट धरून बसलो होतो. या वयात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. तिसऱ्या मजल्यावर रंगकामाच्या परांचीवरून पाय निसटला होता तेव्हासुद्धा नाही.

मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला उलटासुलटा करून पाहिला. मग तोंड उघडून गालाच्या आत बॅटरी मारली. तिथे पांढरे डाग होते. मी म्हटलं, दूध आहे ते. त्या म्हणाल्या, दूध पुसलं की जातं, हे जात नाही. ही बुरशी आहे, तोंडातही आणि खालीही. कफाच्या औषधानं पोटातले चांगले जंतू मरतात, जुलाब होतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. पुष्कळ बाळांना होतं. साध्या मलमानं ती हटत नाही. आणि चिरलेल्या कातडीत आता दुसरे जंतू शिरलेत, ताप त्याचा. त्यांनी त्याला ठेवून घेतलं.

तिथल्या नर्सबाई धिप्पाड, पण हात कापसासारखा. मी पुसायला लागलो तर म्हणाल्या, काका, रंग खरवडताय का त्याचा? मी म्हटलं, धंदाच तो माझा. मग त्यांनी माझी शिकवणी घेतली. वाइप्स बंद, पावडर बंद. कोमट पाणी आणि कापूस. पुसायचं नाही, टिपायचं. मग थोडा वेळ तसंच उघडं ठेवायचं, पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. आधी बुरशीच्या मलमाचा पातळ थर, त्यावर जस्ताच्या पांढऱ्या मलमाचा जाड थर, आणि पुढच्या वेळी तो जाड थर सगळा काढायचाच नाही, मळलेला तेवढाच टिपून घ्यायचा. डायपर भरायची वाट बघायची नाही, आणि सैल बांधायचं. तोंडात थेंब वेगळे. घरी आल्यावर तुझ्या नवऱ्यानं वर्तमानपत्राची घडी करून त्याला वारा घालायला सुरुवात केली. गुंड्यानं त्याच्या गणवेशावर नेमका निशाणा साधला. बऱ्याच दिवसांनी तुझा नवरा हसला, आणि हसता हसता रडायला लागला. बोललेलं परत घेता येत नाही अण्णा, म्हणाला. तुझ्याशी बोलायचं ते त्याचं त्यानंच बोलायचं आहे.

ताप तर रुग्णालयातच उतरला होता. कातडी मधून सुकून कडेनं गुलाबी होत आली. काल त्यानं पाय उचलून स्वतःचा अंगठा तोंडात घातला, आणि मी एकटाच मोठ्यानं बोललो, जमलं रे गड्या.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो. काल संध्याकाळी तुझ्या ताईचा फोन आला. तिच्यावर रागावू नकोस, ती घाबरली आहे. म्हणाली, तू सारखी हात धूत असतेस, बोटांची सालं निघालीत. म्हणाली, तू तिला सांगितलंस, माझ्या हातामुळेच त्याला झालं, मी नसले तरच तो सुखरूप राहील. फोन ठेवला आणि टॅक्सीतली भीती परत आली, त्याहून मोठी होऊन आली. म्हणून नीट वाच. ज्या दिवशी त्याला रक्त आलं, त्या दिवशी तुझा हात त्याला लागला नव्हता. तू इथे नव्हतीस आणि तरी ते वाढलं. आज सकाळी जाऊन डॉक्टरीणबाईंना मी सरळच विचारलं, आईचं काही चुकलं का? त्या म्हणाल्या, नाही. मग त्यांनी विचारलं, आई कुठे आहे? ताईकडून कळलेलं मी सांगितलं तसं पेन खाली ठेवून म्हणाल्या, बाळंतपणानंतर मनालाही असं दुखणं लागतं, तेही पुष्कळ जणींना लागतं, त्यालाही औषध आहे, तिला घेऊन या, उशीर करू नका. तोवर तिला एकटं ठेवू नका, असंही म्हणाल्या. ताईला मी ते सांगितलं आहे. हे पत्र मी टपालात टाकणार नाही. ताई ते तुझ्या हाती देईल तेव्हा मी खाली जिन्याच्या पायरीवर बसलेला असेन. गुंड्या मांडीवर, त्याचा बाप बाहेर फाटकाशी. गुंड्याला घेच असं कोणी म्हणणार नाही. तू नुसती शेजारी बसलीस तरी पुष्कळ. याच कागदाच्या मागे एक शब्द लिहून खाली पाठव. ‘या’ लिहिलंस तर वर येतो. ‘नको’ लिहिलंस तर तिथेच बसतो, आणि उद्या परत येतो. पण काहीतरी लिही, आणि लवकर लिही, बाळा. मी पायरीवर आहे.

तुझाच,
अण्णा