तक्ता पूर्ण, गोळ्या बारा

३ मार्च, सोमवार. सकाळी ८:००
पहिली गोळी घेतली. उदासीवरची. डॉक्टरबाईंनी चार गोष्टी बजावल्या: रोज ठरलेल्या वेळी घ्यायची. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी डबल घ्यायची नाही. आपल्या मनाने बंद करायची नाही. चारही लिहून घेतल्या आणि त्यांना वाचून दाखवल्या. त्यांच्या दारावरच्या पाटीत एक वेलांटी चुकली आहे, तेही सांगितलं. असा पेशंट त्यांना आजवर मिळाला नसावा.

८:२०
अजून गुण नाही.

रात्री
ताईला बढती मिळाली आहे, पण दुसऱ्या गावी. एकतीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. म्हणाली, महिनाभर गोळ्या आपणहून नीट घेतल्यास तर मी जाईन, नाहीतर नाही म्हणून कळवीन. मी म्हटलं, आजच बॅग भर. ती म्हणाली, बॅग राहू दे, आधी पलंगावरचा ओला टॉवेल उचल.

ताईने माझ्यापायी अडकून पडायचं नाही. हा संकल्प.

५ मार्च, बुधवार
मळमळ. सुरुवातीला होईल असं बाई म्हणाल्याच होत्या. म्हणजे औषध वेळापत्रकानुसार चाललं आहे. दुकानात पितळी पाटी कोरताना अकरा जांभया. मालक म्हणाले, पाटी गिळशील.

९ मार्च, रविवार
तक्ता केला. तीस गोळ्या, तीस चौकोन. माझी शाळा नववीत सुटली, पण आखणी सुटली नाही. मात्र सात दिवसांच्या सात ‘बरोबर’च्या खुणा सात तऱ्हेच्या आल्या. मंगळवारची तर आडवीच पडली. असा तक्ता बाईंना दाखवणं शोभत नाही.

सायंकाळी ५:००
उपाय सापडला. नवा तक्ता. एकच पेन, एकच बैठक, एकच मनगट. तीसही खुणा आजच करून टाकल्या. अप्रतिम. कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. ताईला एकतीसला एकदम दाखवायचा.

१३ मार्च, गुरुवार. ८:१०
गोळी घेतली की नाही, आठवेना. तक्त्यात पाहिलं. घेतलेली होती. लोक नोंदी का ठेवत नाहीत, कोण जाणे.

१७ मार्च, सोमवार
हलकं वाटतंय. दुकानात पत्रे कापणारे काका म्हणाले, आज एका पाटीला तीनदाच भिंग लावलंस, बरा आहेस ना? एरवी नऊदा लावतो. गुण येतोय.

२० मार्च, गुरुवार. ८:०५
घेतलेली होती. उद्याचीही आहे. फार निर्धास्त वाटतं.

२१ मार्च, शुक्रवार
पाकिटात गोळ्या बऱ्याच दिसतात. औषधवाल्याने चुकून जास्त दिल्या असाव्यात. प्रामाणिक माणूस असतो तर परत केल्या असत्या. पण दुकान लांब आहे.

२४ मार्च, सोमवार
चक्कर. माझी नव्हे, फरशीची. खोली खिडकीकडे उतरते आहे. घरमालकाला लेखी कळवणार.

२५ मार्च, मंगळवार
पुराव्यासाठी दुकानातली लेव्हल पट्टी घरी आणली. नऊ ठिकाणी ठेवली. बुडबुडा नऊही वेळा मधोमध. पट्टी बिघडली आहे. मालकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, या पट्टीवर माझं दुकान चौदा वर्षं उभं आहे, तू तुझं बघ.

२७ मार्च, गुरुवार
मान वळवली की डोक्यात झिणझिण्या. ताईने ग्लास उलटा ठेवला म्हणून तिच्यावर ओरडलो. मग रडलो. मग ग्लास सुलटा ठेवला. ताईने विचारलं, गोळी घेतोयस ना रे? मी म्हटलं, तक्त्यावर विश्वास नाही? ती म्हणाली, कुठला तक्ता? मी म्हटलं, एकतीसला कळेल.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ११:००
दवाखाना. ताई बरोबर. तक्ता गुंडाळी करून नेला. बाईंनी उलगडला. म्हणाल्या, वा, एकही खाडा नाही! मी ताईकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, मग मी जाऊ ना रे? मी म्हटलं, खुशाल.

मग बाई म्हणाल्या, उरलेल्या गोळ्या दाखव. एक उरायला हवी होती. बारा निघाल्या. मी म्हटलं, बचत. कोणी हसलं नाही.

ताईने तक्त्यातल्या शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं. म्हणाली, आणि ही उद्याची कधी घेतलीस?

११:३०
फरशीचं आणि पट्टीचं सांगितलं. बाईंचं मत: फरशी सरळ आहे. गोळ्या मधूनमधून सुटल्या की चक्कर, झिणझिण्या, चिडचिड, सगळं होतं. बरं वाटत होतं ते गोळीमुळेच. आता रोज एक. सुटलेल्या भरून काढायच्या नाहीत. काही वेगळं वाटलं तर पट्टी आणायची नाही, फोन करायचा. वेलांटी दुरुस्त करून घेतली, असंही म्हणाल्या. हे बहुधा मला बरं वाटावं म्हणून.

ताईने पायरीवर बसून ऑफिसला फोन लावला. एक महिना थांबाल का, म्हणाली. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. फोन ठेवून म्हणाली, बघू म्हणाले. मग बराच वेळ माझ्या बुटांकडे बघत होती. मी नाडी बांधली. सुटलेली नव्हती.

१ एप्रिल, मंगळवार. ८:००
तक्ता ताईने ओट्याच्या ड्रॉवरमध्ये अस्तर म्हणून घातला. बरोबर बसला. मापं माझीच.

गोळी तिच्यासमोर घेतली. पाकिटातला रिकामा कप्पा दाखवला. तोंड उघडून दाखवलं.

ती म्हणाली, जीभ उचल.

उचलली.